सोलरची सबसिडी: ठाणे-नवी मुंबईतल्या घराला आणि सोसायटीला नेमकं काय मिळतं

“इन्कम टॅक्समध्ये किती सुटतात?” छतावर सोलर बसवायचा विषय सोसायटीच्या सभेत निघाला की पहिला प्रश्न बहुतेक हाच येतो. उत्तर आहे: काही नाही. घरासाठी सोलर लावलं, पंखे बदलले, जास्त स्टारचा एसी घेतला म्हणून आपल्याकडे आयकर रिटर्नमध्ये दाखवायला रकानाच नाही. तरीही सरकारकडून पैसे मिळतात आणि ते थोडेथोडके नाहीत. फक्त ते वेगळ्या वाटेने येतात. ती वाट माहीत नसल्याने चांगल्या चालणाऱ्या सोसायट्याही वर्षानुवर्षं चढं बिल भरत राहतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

टॅक्सचा गोंधळ होतो त्याला कारण आहे. मुलगा किंवा पुतणी अमेरिकेत असते, किंवा इंटरनेटवर तिकडचे व्हिडिओ पाहिलेले असतात. अमेरिकेत २०२२ च्या कायद्याने घरावरच्या सोलरच्या खर्चाचे ३० टक्के देय आयकरातून वजा करता येत होते. हीट पंप, खिडक्या, भिंतींचं इन्सुलेशन यांनाही ठरावीक मर्यादेपर्यंत अशीच सूट होती. म्हणजे आधी खर्च करायचा आणि पुढच्या वर्षी रिटर्न भरताना तेवढा कर कमी भरायचा. ज्याला कर लागतच नव्हता त्याला त्याचा उपयोगही नव्हता. २०२५ च्या नव्या कायद्याने घरमालकांसाठीची ही सूट ३१ डिसेंबर २०२५ नंतरच्या खर्चाला बंद झाली.

आपल्याकडे आयकराशी संबंधित एकच मोठी गोष्ट आहे आणि ती धंद्यासाठी आहे. उद्योग-व्यवसायाने सोलर बसवलं तर दरवर्षी ४० टक्के घसारा (डेप्रिसिएशन, म्हणजे यंत्राची घटणारी किंमत खर्च म्हणून नफ्यातून वजा करणं) धरता येतो. एखादा विक्रेता सभेत उभा राहून “डेप्रिसिएशनमध्ये पैसे वसूल” म्हणाला, तर तो कारखान्याला दाखवायचा कागद तुम्हाला दाखवतोय असं समजा. घराला मिळते ती थेट सबसिडी. ती बँक खात्यात जमा होते, तुम्ही कर भरत असा वा नसा.

योजनेचं नाव पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली, एक कोटी घरांचं लक्ष्य आहे, ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद आहे आणि मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,०००. असे मिळून ७८,००० आणि तीच कमाल मर्यादा. पाच किलोवॅट बसवले तरी घराला ७८,००० च. गृहनिर्माण सोसायटीला सामायिक वापरासाठी, म्हणजे लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे, गाड्यांचं चार्जिंग यासाठी, किलोवॅटमागे १८,००० रुपये मिळतात. त्याला घरटी तीन किलोवॅट आणि एकूण ५०० किलोवॅटची मर्यादा आहे. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना आणि महिन्याला १०० युनिटच्या आत वापर असलेल्यांना राज्य सरकार २०२५ पासून ‘स्मार्ट’ योजनेतून केंद्राच्या सबसिडीवर आणखी रक्कम देतं. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींचं गावाकडे स्वतःचं घर असेल तर त्यांना हे जरूर सांगा. ज्यांना याचा सगळ्यात जास्त फायदा आहे, त्यांच्यापर्यंत ही माहिती सगळ्यात उशिरा पोचते.

‘मुफ्त बिजली’ या नावामुळे एक गैरसमज होतो. सरकार महिन्याला ३०० युनिट फुकट पाठवत नाही. तुमच्या छतावर तयार झालेली वीज तुमच्या बिलातून वजा होते, एवढाच त्याचा अर्थ. बिल शून्यावर आलं तरी स्थिर आकार भरावा लागतोच.

बिलातला वरचा स्लॅब

सबसिडीच्या आकड्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट वीजबिलात लपलेली आहे, आणि सभांमध्ये तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं.

महावितरणचा घरगुती दर स्लॅबचा आहे: १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर. पहिले शंभर युनिट सगळ्यात स्वस्त. शंभराच्या पुढे दर दुपटीच्या आसपास जातो आणि मग चढतच राहतो. त्यावर वहन आकार, म्हणजे वीज पोचवण्याचा आकार, आणि १६ टक्के वीज शुल्क. स्लॅबची रचना उतरंडीसारखी आहे, काढायचं ते वरून. तुम्ही ५० युनिट वाचवलेत तर ते तुमच्या सगळ्यात महाग स्लॅबमधले ५० कमी होतात, स्वस्तातले नाही.

आता सोसायटीचं कॉमन मीटर बघा. लिफ्ट, पंप, पार्किंगचे दिवे यांनाही घरगुतीच दर लागतो. म्हणजे स्लॅबही तेच. पण घराचा वापर दोन-अडीचशे युनिटांचा आणि इमारतीचा दोन हजारांचा. पहिले पाचशे भुर्रकन संपतात आणि उरलेले दीड हजार सगळ्यात चढ्या दराने लागतात. सगळे आकार धरले तर त्यातलं एकेक युनिट पंधरा रुपयांच्या वर जातं. एवढी महाग वीज आपल्या इमारतीत दुसरं कोणीही वापरत नाही, आणि ती आपण सगळे मिळून वापरतो.

गणित मांडून बघू. सात मजली, दोन लिफ्टची इमारत, कॉमन मीटरचा महिन्याचा वापर २,००० युनिट. एक किलोवॅट सोलर आपल्याकडे वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट देतं. १५ किलोवॅट बसवलं तर महिन्याला सरासरी १,७०० युनिट. ते जवळजवळ सगळे वरच्या स्लॅबमधून वजा होतात. पंधरा रुपयांनी धरलं तरी महिन्याला बावीस हजारांच्या वर वाचतात. खर्च समजा नऊ लाख आला, त्यातून १५ गुणिले १८,००० म्हणजे २,७०,००० सबसिडी परत आली, तर खिशातून गेले ६,३०,०००. अडीच-तीन वर्षांत ते वसूल होतात. पॅनेलची कामगिरीची हमी साधारण २५ वर्षांची असते. म्हणून माझं ठाम मत आहे की आपल्या भागात पहिलं सोलर घरांसाठी नाही, कॉमन मीटरसाठी लागायला हवं. मेंटेनन्स दरवर्षी वाढवायची चर्चा करण्याआधी हा हिशोब सभेपुढे ठेवा.

उलट नेरूळ, सानपाडा, कोपरखैरणेच्या रो-हाउसमध्ये विक्रेते सर्रास मोठं सोलर गळ्यात मारतात, कारण ७८,००० चा आकडा तीन किलोवॅटला दिसतो. तुमचा वापर २५० युनिट असेल तर दोन किलोवॅट पुरतं. ते महिन्याला सरासरी २३०-२४० युनिट देतं आणि सबसिडी ६०,००० मिळते. तीन बसवलंत तर जादा युनिट ग्रिडमध्ये जातील. ती तुमच्या नावावर जमा होतात आणि पुढच्या महिन्यांत वापरता येतात, पण फक्त आर्थिक वर्ष संपेपर्यंत. ३१ मार्चला जे शिल्लक राहतं त्याचे पैसे मिळतात ते ठरवून दिलेल्या कमी दराने, तुम्ही बिलात भरता त्या दराने नाही. येत्या वर्षात एसी किंवा इलेक्ट्रिक गाडी घ्यायचं पक्कं असेल तर गोष्ट वेगळी.

एप्रिल ते मार्च हे चक्र आपल्या हवामानाला मात्र सोयीचं पडतं. एप्रिल-मे मध्ये ऊन कडक, वीज भरपूर, शिल्लक साठते. जुलै-ऑगस्टमध्ये आभाळ भरलेलं असतं आणि उत्पादन अर्ध्यावर येऊ शकतं, तेव्हा ती शिल्लक कामी येते. त्यामुळे जुलैचं बिल बघून “सोलर बिघडलं” म्हणून घाबरू नका. वर्षाचा हिशोब बघा.

गच्चीवर काय बघायचं

एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते. पंधरा किलोवॅटला दीड हजार. कागदावर गच्ची केवढीही असो, पाण्याच्या टाक्या, लिफ्टची मशीन रूम, मोबाइलचा टॉवर आणि डिश अँटेना वगळून उरते ती खरी जागा. त्यातही सावली. पॅनेल एकमेकांना मालिकेत जोडलेली असतात, त्यामुळे टाकीची सावली एका पॅनेलवर पडली तरी त्या ओळीतल्या बाकीच्यांचं उत्पादनही घसरू शकतं. घोडबंदर रोडला शेजारी तीस मजली टॉवर उभा राहत असेल तर आज ऊन असलेली गच्ची दोन वर्षांनी दुपारी तीनलाच सावलीत जाईल. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार अशा तीन वेळांना गच्चीवर जाऊन मोबाइलवर फोटो काढा. कोटेशन देणाऱ्याने ड्रोन उडवला नाही तरी चालेल, पण सावलीचा हिशोब लेखी मागा.

ठाण्यात आणि वाशी-नेरूळच्या जुन्या इमारतींवर गळतीला कंटाळून पत्र्याची शेड घातलेली असते. त्यावर सोलर बसवता येतं, पण आंधळेपणाने नाही. एक पॅनेल साधारण साडेसात फूट बाय पावणेचार फूट आणि वजन २५ ते ३० किलो. प्रश्न नुसत्या वजनाचा नाही, पावसाळी वाऱ्याचा आहे. वारा पॅनेलखाली शिरला की ते वर उचलायला बघतो. शेडचे खांब गच्चीला कसे धरलेले आहेत हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाहून लिहून दिल्याशिवाय पुढे जाऊ नका. शेड नसेल आणि वॉटरप्रूफिंग करायचं बाकी असेल तर ते आधी. सोलर बसल्यावर गळती काढायची म्हणजे सगळा सांगाडा उतरवावा लागतो. वरच्या मजल्यावरचे लोक सोलरला विरोध करतात तो बहुतेक वेळा गळतीच्या भीतीने, आणि ती भीती रास्त आहे. गच्चीच्या काँक्रीटला भोकं पाडणार की काँक्रीटच्या ठोकळ्यांवर सांगाडा बसवणार, हे त्यांना सभेत ड्रॉइंग दाखवून सांगा.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करा: लाइट गेली की साधं सोलरही बंद पडतं, भर उन्हातसुद्धा. ते मुद्दाम तसं असतं. खांबावर दुरुस्ती करणाऱ्या लाइनमनला आपल्या छतावरून उलटा करंट जाऊ नये म्हणून सोलरचा इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरच्या विजेत बदलणारं यंत्र) आपोआप बंद होतो. लोडशेडिंगमध्ये लिफ्ट चालवायची तर बॅटरी लागते आणि तिला वेगळी सबसिडी नाही.

कागदपत्रांत कुठे अडतं

पीएम सूर्यघर पोर्टलवर ग्राहक क्रमांकाने नोंदणी, अर्ज, महावितरणची मंजुरी, पोर्टलवरच्या नोंदणीकृत विक्रेत्याकडून बसवणं, नेट मीटर (घेतलेली आणि ग्रिडला दिलेली, दोन्ही वीज मोजणारं), तपासणी आणि शेवटी बँक तपशील भरून सबसिडीची मागणी, असा क्रम आहे. वीज ग्राहक हक्क नियमांतल्या २०२४ च्या दुरुस्तीनंतर १० किलोवॅटपर्यंतच्या सोलरला तांत्रिक व्यवहार्यता तपासणी लागत नाही, त्यामुळे घरांचं काम लवकर होतं. कळवा, मुंब्रा, शीळ भागात वीजवाटप २०२० पासून टोरेंट पॉवर फ्रँचायझी म्हणून बघते, तिथे मीटरची कामं त्यांच्याकडून होतात.

अडतं ते नावावर. वीजबिलावरचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव जुळलं पाहिजे. फ्लॅट घेऊन पंधरा वर्षं झाली तरी बिल आधीच्या मालकाच्या नावाने येतंय, असं घर प्रत्येक मजल्यावर एखादं सापडतं. आणि कॉमन मीटर? आमच्या सोसायटीचं कॉमन मीटर रजिस्ट्रेशन होऊन बरीच वर्षं झाली तरी बिल्डरच्याच नावावर होतं. बिल वेळेवर भरलं जात होतं म्हणून कोणी वरचं नाव वाचलंच नव्हतं. सोलरचा विचार मनात आला की सर्वांत आधी नाव बदलायचा अर्ज टाका, सोसायटीचं रजिस्ट्रेशन प्रमाणपत्र, पॅन आणि बँक खातं एकत्र ठेवा, आणि मगच कोटेशनं मागवा. विंगनिहाय वेगळी मीटर असतील तर कोणत्या मीटरवर किती किलोवॅट हे आधी ठरवावं लागतं, नाहीतर एका विंगचं बिल शून्य आणि दुसरीचं तेवढंच.

पैसे आधी पूर्ण घालावे लागतात, सबसिडी शेवटी येते. ती कधी विक्रेत्याच्या खात्यात जात नाही, थेट ग्राहकाच्या खात्यात येते. “सबसिडी आम्ही बघून घेतो, तुम्ही फक्त उरलेली रक्कम द्या” असं कोणी म्हटलं, तर करारात काय लिहिलंय ते दोनदा वाचा. पॅनेल भारतात बनलेल्या सेलची, डीसीआर म्हणतात ती, असली पाहिजेत. नसतील तर सबसिडी नाही. स्वस्त कोटेशनमध्ये बहुधा इथेच काटछाट असते. इन्व्हॉइसवर डीसीआर लिहून घ्या आणि पाच वर्षांची देखभालही लिहून घ्या, ती विक्रेत्याची जबाबदारीच आहे.

घरासाठी तीन किलोवॅटपर्यंत बँका तारणाशिवाय कर्ज देतात, व्याज रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराहून अर्धा टक्का जास्त. सोसायटीकडे निधी नसेल तर दुसरी वाट आहे: कंपनी स्वतःच्या पैशाने सोलर बसवते आणि आपण तिला युनिटमागे ठरलेला दर देतो. पैसे घालायला नकोत ही सोय, पण करार लांब मुदतीचा असतो. दर दरवर्षी किती वाढणार, गच्ची दुरुस्तीला सांगाडा काढायचा खर्च कोणाचा, आणि मुदतीनंतर सोलर कोणाचं, या तीन कलमांवर वकिलाची नजर फिरवून घ्या. माझ्या मते निधी जमवता येत असेल तर स्वतःचं बसवावं; वरच्या स्लॅबमधली सगळी बचत मग सोसायटीचीच राहते.

खर्चाचा निर्णय सर्वसाधारण सभेचा. गच्ची सगळ्यांची आहे, समितीची नाही. नोटिशीसोबत बारा महिन्यांची बिलं, सावलीचे फोटो आणि तीन कोटेशनं जोडली तर सभा अर्ध्या वेळेत संपते.

ज्यांच्या हातात गच्ची नाही

फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला स्वतःच्या बिलासाठी गच्चीचा तुकडा मिळणं अवघड. योजनेच्या नियमांत व्हर्च्युअल नेट मीटरिंगही धरलेलं आहे: एका ठिकाणी बसवलेल्या सोलरची युनिट अनेक घरांच्या बिलांत ठरलेल्या प्रमाणात वाटली जातात. कॉमन मीटर भागवून जागा उरत असेल अशा मोठ्या संकुलांनी त्याची चौकशी जरूर करावी.

बाकीच्यांसाठी पंखे. जुना पंखा ७५ वॉटचा, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. रोज बारा तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला १६ युनिट, चार पंख्यांचे ६५. ज्यांचं बिल दीडशे-पावणेदोनशेवर आहे ते या एका बदलाने शंभरीच्या जवळ येतात, म्हणजे महाग स्लॅब जवळजवळ रिकामा होतो. पंख्याला सबसिडी नाही, पण परतावा तेवढाच पक्का आहे. एसी घ्यायचा असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय. सोलर पॅनेल आणि सौर बंब १२ वरून ५ वर आले. जुन्या दराचं कोटेशन कोणी पुढे केलं तर तारीख बघा. एसीवरच्या स्टारच्या लेबलवरही वर्ष असतं, तेही वाचा. निकष मधूनमधून कडक होतात आणि जुन्या साठ्यातला पाच स्टार नव्या हिशोबात पाचाचा राहतोच असं नाही.

आणि ठाण्यातल्या नव्या-जुन्या इमारतींवर एक मालमत्ता गंजत पडलेली असते: सौर बंब. महापालिकेने नव्या बांधकामांना तो सक्तीचा केला आणि वापरणाऱ्यांना मालमत्ता करात सवलत देण्याची पद्धतही ठाण्याने राज्यात लवकर सुरू केली. बिल्डरने परवानगीपुरता बसवला, दोन पावसाळ्यांत व्हॉल्व्ह बिघडला, आणि वरच्या मजल्यांवर पुन्हा गीझर सुरू झाले. काचेच्या नळ्या, व्हॉल्व्ह आणि पाइपचं आवरण बदलायचा खर्च नव्या सोलरच्या मानाने किरकोळ आहे. प्लंबरला एकदा वर घेऊन जा, बंब चालू करून घ्या, आणि मालमत्ता कराचं बिल हातात घेऊन प्रभाग समितीच्या कार्यालयात सवलतीची नोंद आहे का ते विचारा. नसेल तर बंब चालू असल्याचे फोटो जोडून सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज द्या आणि पोचपावतीवर शिक्का घ्या.